कार्डावरचा रोट

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "पिझ्झाच्या हॉटेलात दहा वर्षं भट्टी सांभाळलीत, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. दिवाळी अंक आहे, लोकांना हसायला आवडतं." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर माझं डोकं तापलं. गमती होत्या, नाही असं नाही, त्या सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी मी ही वही उघडली ती गंमत नाही. पटलं तर छापा, नाही तर रद्दीत घाला.

माझं शिक्षण चौथी. गोवा सुटल्यावर आमच्या वाड्यावर मराठी शाळा आली, देवळाच्या मांडवात भरायची, तिच्या पहिल्या पोरांतला मी. मराठी वाचता लिहिता येतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या अक्षरांचा आहे.

घर पेडण्याचं. पोट मात्र भरलं डिचोलीत. पाळीच्या खाणीवरून मातीचे ट्रक चालवले, अर्धं आयुष्य त्या तांबड्या धुळीत गेलं. लोखंडाच्या खनिजाला आम्ही मातीच म्हणतो. एक दिवस खाणी बंद झाल्या आणि ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले. टायरांतून रान उगवलं. मी सत्तावन्न वर्षांचा, ट्रकशिवाय दुसरं काही येत नाही असं मला वाटायचं.

माझी बायको शेवंता, ती म्हणाली, "इस्तो सांभाळूक येता मां तुमका? मगे?"

इस्तो म्हणजे विस्तव. तिचं माहेर लाटंबार्शाचं, सासऱ्यांची काजूच्या दारूची भट्टी होती. लग्नानंतर दर उन्हाळ्यात मी तिथे जाळ घालायला बसायचो. दारू गाळताना जाळ वाढला तर माल करपतो, कमी झाला तर थेंब पडत नाही. सासरे तोंडाने काही शिकवायचे नाहीत. चुकलं की पाठीत लाकूड बसायचं. त्यामुळे मी लवकर शिकलो.

तेव्हा किनाऱ्यावर पुण्याच्या एका माणसाने पिझ्झाचं हॉटेल काढलं होतं. नाव घेत नाही. आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि तो मला काका. चाळिशीतला, स्वच्छ बोलणारा, पुस्तकं वाचणारा. तुमच्यासारखाच, हा अंक विकत घेणारा. त्याला लाकडाच्या भट्टीवर माणूस हवा होता. शहरातून आणलेले दोघे पोरगे घामाने हैराण होऊन पळाले होते.

ती भट्टी एका इटलीच्या म्हाताऱ्या गवंड्याने बांधलेली. त्याला आपली भाषा येत नव्हती, मला त्याची नाही. तो भट्टीवर हात मारून म्हणाला, "फोर्नो." आमच्याकडे पावाच्या भट्टीला फोर्न म्हणतात, पोर्तुगीज ठेवून गेले तो शब्द. मीही हात मारून म्हटलं, "फोर्न." म्हाताऱ्याने मला मिठीच मारली. नंतर आठ दिवस त्याने खुणांनी जे शिकवलं त्यावर मी दहा वर्षं काढली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोर्न म्हणजे विटांचा घुमट, खाली सपाट विटांची जमीन. जाळ डाव्या बाजूला लावायचा, पिझ्झा उजवीकडे. सकाळी पेटवलं की घुमट आतून काजळीने काळा होतो. ताप चढला की ती काजळी स्वतःच जळते आणि घुमट पांढरा पडतो. पांढरा पडला की समजायचं, तयार. मग जमिनीवर चिमूटभर पीठ टाकायचं. लगेच काळं झालं तर ताप जास्त, ओल्या फडक्याने जमीन पुसून घ्यायची. सावकाश तांबूस झालं तर घाला. लाकूड आंब्याचं चालतं, सुरूचं चालतं, सुकलेलं पाहिजे. काजूचं ओलं लाकूड घातलं तर चिक फुटतो आणि कडू धूर होतो, पाव आणि माणूस दोघांचं तोंड वाकडं. पिझ्झा आत दोन मिनिटंही राहत नाही. तेवढ्यात लांब दांड्याच्या फावड्याने तीनदा फिरवायचा. नजर हलली की गेला.

आणि बाहेर आल्यावर त्याचं आयुष्य पाच मिनिटांचं. ते लोकांना कळत नाही. मी हात भाजून काढायचो आणि टेबलावर फोटो चालायचे. वरून, बाजूने, बाईच्या तोंडाजवळ धरून. चीज गोठून मेणासारखं व्हायचं आणि मग तक्रार, चिवट आहे. एकदा मी भट्टीकडून ओरडलो, "गो बाय, त्येचो बारसो करतंस काय? खा आधी!" साहेबाने मला आत बोलावून समज दिली. ती बाई मात्र त्यानंतर दर सीझनला यायची आणि मला दाखवून पहिला घास खायची.

एक रशियन रोज दुपारी यायचा, खिशातून स्वतःची मेयोनीजची बाटली काढायचा आणि माझ्या पिझ्झावर ओतायचा. मी पाठ फिरवून उभा राहायचो. डोळ्यांनी बघवायचं नाही. एकदा डिचोलीची दोन कुटुंबं मुलगी बघायचा कार्यक्रम करायला आली. देवळातही नाही, घरीही नाही, पिझ्झाच्या हॉटेलात. माणसं नऊ आणि पिझ्झा मागवला एक. नवऱ्यामुलाचा बाप म्हणाला, "नऊ तुकडे सारखे कर, मानापमान नको." तुम्ही गोल भाकरीचे नऊ सारखे तुकडे करून बघा एकदा. मी केले. लग्न जमलं म्हणतात.

सोमवारी शिवराक, म्हणजे मासे-मटण न खाणारी, माणसं यायची. त्यांच्यासाठी मी फावडं वेगळं ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. एका म्हातारीने आत डोकावून विचारलं, "हंय कोंबो भाजतास त्याच फळयेर आमचा नाय मां?" मी वेगळं फावडं दाखवलं, जमीन पुसून दाखवली. ती म्हणाली, "मगे तुज्या हातचा खातंय." त्या दिवशी मला आपण मोठे कारागीर आहोत असं वाटलं. वाटलं ते वाटलं. गर्व तिथूनच चढला असणार.

आता मूळ गोष्ट.

पहिल्या सीझनला फोर्न बसेना. घुमटाला तडे गेले, पिझ्झा जमिनीला चिकटायचे, एका वेटरचा हात भाजला. मी घरी सांगितलं. शेवंता म्हणाली, "शीमेर बांदल्यांनी हॉटेल. शीमेवाल्याक इचारलां?"

शीम म्हणजे गावची हद्द. आमच्या प्रत्येक शिमेवर एक देवचार असतो. राखणदार. काठी घेऊन, घोंगडी पांघरून तो गावाभोवती फिरतो अशी आमच्यात समजूत आहे. चुकलेल्या माणसाला वाटेवर आणून सोडतो. त्याला वर्षातून एकदा रोट द्यायचा. रोट म्हणजे जाड भाकरी, बिनमिठाची. आमच्या घरात ती करणाऱ्या बाईने न्हाऊन, ओल्या केसांनी करायची, चाखायची नाही. सोबत थोडी दारू, एक विडी. त्याला मांस चालतं, दारू चालते. न विचारता त्याच्या जागेत विस्तव पेटवलेला चालत नाही.

शेवंता स्वतः आली. हॉटेलाच्या मागच्या विहिरीवर न्हाली, हॉटेलचंच पीठ मळलं आणि त्या फोर्नात रोट भाजला. आम्ही तो कुंपणाच्या कोपऱ्यातल्या सातविणीच्या झाडाखाली ठेवला. मी गाऱ्हाणं घातलं, "बा देवचारा, शीमेच्या राखणदारा, आज तुज्या जाग्यात परक्या फोर्नाचो इस्तो पेटलो असा. चुकलां माकलां पदरात घे, हंय वावरतल्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!" पाठीमागे उभे असलेले नेपाळी, ओडियावाले, बार्देसचा वेटर सावियो, सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" त्यांना कोणी शिकवलं ठाऊक नाही.

फोर्न बसला. साहेब म्हणाला, विटा तोपर्यंत सुकल्या असतील. असतील. मी वाद घालत नाही. त्या दिवसापासून दर सीझनच्या पहिल्या जाळावर शेवंता येऊन एक रोट करायची.

पण त्या पहिल्याच दिवशी साहेब मोबाइलवर सगळं टिपत होता. शेवंता पिठाच्या हातांनी तोंड झाकून म्हणाली, "तेंका सांगा, काढू नकात." मी सांगितलं नाही. नवी नोकरी होती. वर साहेबाने मला बसवून रोटाबद्दल सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पीठ कुठलं, जाडी किती, कुठे ठेवायचा, कोणाला. बोलायला लावलं की मी थांबत नाही, हा माझा जुना रोग. साहेब म्हणत होता, "काका, हे सोनं आहे सोनं." मलाही वाटायला लागलं, असेल.

चौथ्या सीझनला हॉटेलात नवी कार्डं आली, टेबलावर ठेवतात ती. जाड, चकचकीत, प्लास्टिक चढवलेली. साहेबाने मला एक दाखवलं. त्यावर माझा फोटो! फावडं हातात, मागे जाळ. साहेब म्हणाला, "काका, तुमच्या नावाने स्पेशल डिश केली." मी एक कार्ड मागून घेतलं, धोतरजोडीसारखं पिशवीत घालून घरी नेलं आणि भिंतीवर खिळा ठोकून लावलं.

महिनाभरानंतरचा रविवार होता. मुलगी मनीषा आलेली, ती डिचोलीला शाळेत शिकवते. ती कार्डाजवळ जाऊन उभी राहिली आणि बोट ठेवून मनातल्या मनात वाचायला लागली.

शेवंता म्हणाली, "वाच गो, बापाशीबद्दल काय लिवलां तां."

मनीषा म्हणाली, "बाबा, तू हे वाचून घेतलंस कोणाकडून?"

"नाय. काय असा?"

तिने वाचलं. डेविल्स रॉट. मी म्हटलं, रोट, बरोबर. ती म्हणाली, "बाबा, इंग्रजीत ही अक्षरं रॉट अशी वाचतात. रॉट म्हणजे कुजलेलं. आणि डेविल म्हणजे सैतान." सैतानाचं कुजलेलं. फोटोच्या बाजूला एक लाल शिंगवाला काढला होता, मला तो जाळ वाटला होता. खाली यादी, गोव्याची डुकराची सॉसेजं, चारपट मिरची, चीज. आणि खाली लिहिलेलं, आमच्या ओव्हनबाबांच्या गावात सैतानाला खूश करायला देतात ती भाकरी, हिंमत असेल तर खा.

महिनाभर गिऱ्हाइकं कार्डावर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसत होती आणि मी मान हलवून त्यांना नमस्कार करत होतो.

शेवंता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कार्ड खिळ्यावरून काढलं, पालथं करून माझ्या हातात दिलं. "ताका दिल्लो रोट तुमी परत मागून घेतल्यात," ती म्हणाली. "आणि वयर ताका सैतान केल्यात."

मी म्हटलं, "मिया नाय केलंय, तेंणी केल्यानी."

"सांगल्यान कोणी तेंका?"

मी पालथं कार्ड पिशवीत सारलं.

"सॉसेजाचां माका काय नाय," ती म्हणाली. "तो सगळां खाता. पण आधी ताका, मगे लोकांक. आणि नाव घालून इकूचा न्हय. कार्डावरसून काढूक सांगा. दुसरां माका कायच नको."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही एक गोष्ट. दुसरी मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सावियोला धरलं. कार्ड लिहिणाऱ्या मुंबईच्या बाईने अर्थ कोणाला विचारला होता ते मला कळलं होतं. बिचारा घाबरला. "मामा, तिणें म्हाका विचारलें, देवचार म्हळ्यार कितें? हांवें सांगलें, डेविल. आमच्या इगर्जेंत पाद्री तेंच सांगता." खरं होतं त्याचं. त्याच्या घरात देवचार म्हणजे सैतान, माझ्या घरात देवचार म्हणजे राखणदार. पेडणे आणि बार्देसच्या मधल्या नदीच्या ह्या तीरावर एक, त्या तीरावर दुसरा, शब्द तोच. सावियोवर मी कसा चिडणार? त्याला विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. ज्याला सगळं ठाऊक होतं, ज्याच्यासमोर मी तासभर बसून राखणदार राखणदार म्हणून सांगितलं होतं, तो साहेब. त्याला फरक कळत होता. त्याला ते कार्डावर बरं दिसलं.

मी त्याच्याकडे गेलो. गेलो आणि म्हटलं, "साहेब, त्या डिशचं नाव..." तो म्हणाला, "काका, सगळ्यात जास्त तीच जाते! तुमच्यामुळे!" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी परत फिरलो.

हे लिहिताना मला माझीच थोबाडीत द्यावीशी वाटते. रोज मी तो रोट भाजत होतो. दिवसाला दहा, वीस. मिरची घातलेला, मीठ घातलेला. माझ्याच हातांनी. घरी आल्यावर शेवंता विचारायची, "सांगल्यात?" मी म्हणायचो, साहेब मुंबईला गेलाय. साहेबाकडे पाहुणे आहेत. सीझन संपू दे. नवीन कार्डं छापतील तेव्हा. तिने त्या वर्षापासून हॉटेलात येणं बंद केलं. पहिल्या जाळाचा रोट ती घरी चुलीवर करायची आणि मनीषाच्या नवऱ्याला घेऊन स्वतः शिमेवर ठेवून यायची. मला सोबत घ्यायची नाही.

आणि खरं कारण साहेबाची भीती नव्हती. खाणीवरचा माणूस मी, वरच्या साहेबांना शिव्या देत म्हातारा झालो. खरं कारण तो फोटो. ती डिश गेली असती तर कार्डावरचा माझा फोटो गेला असता. मला तो फोटो आवडायचा. लोक येऊन माझ्याबरोबर फोटो काढायचे, ओव्हनबाबा म्हणायचे. सत्तावन्न वर्षं मला कोणी काही म्हटलं नव्हतं.

मग तिची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला म्हापशाला न्यायची. पेडण्याहून बसने जाणं तिला झेपेना. साहेबाला कळलं, त्याने स्वतःहून आपली गाडी दिली, ड्रायव्हर दिला. दीड वर्ष. एकदाही चुकवली नाही. हेही लिहायलाच हवं, नाही तर मी खोटारडा ठरेन. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या गाडीत बायकोला बसवायची आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं कसं?

शेवंता गाडीत बसून म्हणायची, "गाडी दिल्यान, देव ताचां बरां करो. तुमी सांगल्यात?"

मी म्हणायचो, "गाडीवालो ऐकता, गप."

"आयकान्दे. मी काय वायट सांगतंय?"

गावात लोक बोलायला लागले, देवचाराचं विकलं म्हणून बाईला भोगावं लागतंय. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांचीही मी आय-माय काढतो. तिला साखर होती वीस वर्षं, डॉक्टरने सांगितलं होतं. ती स्वतः कधी तसं म्हणाली नाही. उलट एकदा म्हणाली, "तो माका कित्याक मारीत? मी ताका दर वर्सा रोट दितंय. तो तुमका बघून घेतलो." आणि हसली. शेवटचं हसली ती तेव्हा.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. तशीच म्हणाली, "काढल्यानी?"

मी म्हटलं, "काढल्यानी."

डोळे उघडले. "खरां?"

"खरां. नवी कार्डां इली. तुजो रोट नाय त्येच्यार."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मगे बरां झालां," आणि चहा मागितला. नर्सने दोन घोट दिला. तिसऱ्या दिवशी गेली.

तिने माझ्या बोलण्यावर विश्वास धरला की नाही, मला ठाऊक नाही. ती माझं खोटं नेहमी ओळखायची. चहा मागितला म्हणजे धरला असेल, असं मी मानतो. मला मानावं लागतं.

तेराव्याला साहेब घरी आला. पांढरे कपडे, खाली चटईवर बसला, मनीषाच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना म्हणाला, "काका, आम्ही काकूंसाठी काहीतरी केलंय. कामावर याल तेव्हा बघा." मी म्हटलं, बरं.

रविवारी दुपारी गेलो. मनीषा सोबत आली, बाबाला एकटं सोडायचं नाही म्हणून. मागच्या दाराने नेहमी जायचो, त्या दिवशी ती होती म्हणून पुढच्या दाराने गेलो. हॉटेल भरलेलं. एका टेबलावर बसलो. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या खुर्चीवर बसलो. समोर नवीन कार्ड होतं.

कार्डावर शेवंता होती. पहिल्या दिवसाच्या त्या मोबाइलातून काढलेली. पिठाचा हात तोंडाकडे चाललेला, तोंड झाकायच्या आधीचं. ओले केस. आणि खाली तीच डिश, तोच शिंगवाला.

"वाच," मी मनीषाला म्हटलं.

"नको बाबा."

"वाच गो!"

तिने वाचलं. ज्या माउलीने आम्हाला हा सैतानी रॉट दिला, तिच्या प्रेमळ स्मृतीस.

मनीषा रडायला लागली. मला रडू आलं नाही. साहेब हात जोडून आमच्याकडे येत होता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "हे आत्ताच्या आत्ता काढा."

"काका, हा ट्रिब्यूट आहे. लोक वाचून डोळे पुसतात."

"ती नको म्हणत होती. फोटोला नको म्हणत होती, डिशला नको म्हणत होती. तुम्हाला नाही ठाऊक कारण मी सांगितलं नाही. ते माझं पाप. आता सांगतोय. काढा."

"पुढच्या सीझनला बघू ना. पाचशे कार्डं छापलीत. काका, तुम्ही आत्ता खूप दुःखात आहात, आम्ही समजू शकतो."

समजू शकतो म्हणाला. भांडला असता तर मी भांडून घरी गेलो असतो. मी टेबलावरचं कार्ड उचललं. मग बाजूच्या टेबलावरचं. मग त्याच्या बाजूचं. खाणाऱ्यांच्या हातातलं घेतलं, ताटाखालचं ओढून काढलं. एक गोरी बाई टाळ्या वाजवायला लागली, तिला वाटलं हॉटेलचा खेळ आहे. साहेब मागून, "काका, काका," करत होता. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची, त्यातला गठ्ठाही काढला. भट्टीवर नवा माणूस होता, तो बाजूला झाला.

तेव्हा सावियो आला. गल्ल्याजवळची दोन कार्डं त्याच्या हातात होती. "मामा," तो हळूच म्हणाला, "हीं दोन उरल्यांत."

मी सगळी फोर्नात घातली.

फोर्नात प्लास्टिक घालणं म्हणजे काय ते माझ्याइतकं त्या हॉटेलात कोणाला ठाऊक नव्हतं. ते वितळून विटांच्या जमिनीत मुरतं. वर भाजलेलं काही खाता येत नाही. जमिनीच्या विटा उकरून नव्या घालाव्या लागतात, घुमट रिकामा जाळून साफ करावा लागतो. काळा घाण धूर हॉलभर झाला, लोक नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. माझ्या हातांनी दहा वर्षं पांढरा ठेवलेला घुमट काळा झाला. मी शेवटचं कार्ड जळेपर्यंत उभा राहिलो. फावड्याने ढवळलं. त्यात तिचा फोटो जळत होता तेही पाहिलं. तोंड झाकायचं होतं तिला, झाकलं.

साहेबाने पोलीस बोलावले नाहीत. कोणीतरी मोबाइलवर ते सगळं काढलं होतं, ते म्हणे लाखभर लोकांनी पाहिलं आणि आता लोक मुद्दाम तो रॉट खायला येतात. ज्या म्हाताऱ्याने कार्डं जाळली त्याची डिश म्हणून. नवी कार्डं छापली. शेवंताचा फोटो काढला, तेवढं ऐकलं. नाव तेच आहे. शिंगवाला आहे. मी त्या हॉटेलात परत गेलो नाही. रस्ता तिथूनच जातो, बसमधून मान वळवून दुसरीकडे बघतो.

तुम्ही कोणी तिथे गेलात तर मागवू नका. मागवलात तर मला सांगू नका.

मनीषा म्हणते, बाबा, काय मिळवलंस? मी तिला सांगत नाही, पण मी हिशेब केलेला आहे. सावियोकडून विचारून घेतलं. विटा उकरायला, नव्या बसवायला आणि वाळायला वेळ लागला. हॉटेल बंद होतं. रोट भाजला नाही, विकला नाही, कार्ड कोणाच्या टेबलावर नव्हतं. मी तिला हॉस्पिटलात जे सांगितलं, काढल्यानी म्हणून, ते तेवढे दिवस खरं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.